विश्लेषण : मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरणाऱ्या जहाजामागे सीप्लेन घेऊन निघालेले चार्ल्स सॅमसन कोण होते?

फेब्रुवारी १९१७. खारदांडा तेव्हा मुंबईत नव्हते. ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी बेटावरचा तो एक कोळीवाडा होता. मुंबई उपनगर जिल्हा व्हायला अजून तीन वर्षे होती आणि खार रेल्वे स्थानक सुरू व्हायला सात. त्या महिन्यात ‘वोल्फ’ नावाचे जर्मन जहाज मालवाहू बोटीचे सोंग घेऊन अरबी समुद्रात शिरले, मुंबईकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर पाणसुरुंग टाकून निघून गेले. किनाऱ्यावर कोणाला काही कळले नाही. पुढच्या महिन्यात त्याला शोधण्यासाठी ब्रिटिशांनी ज्या माणसाला पाठवले तो विमाने घेऊन निघाला होता. पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी विमाने. चार्ल्स रम्नी सॅमसन हे त्यांचे नाव. समुद्रावर विमानाने गस्त घालणे ही आज नेहमीची गोष्ट आहे. सॅमसन यांच्या काळात ती शिकून घ्यावी लागत होती, आणि शिकण्याची किंमत मोजावी लागत होती.

खारदांड्यावरून किती समुद्र दिसतो?

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज दिसते ते जेमतेम साडेचार-पावणेपाच किलोमीटरवर. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे त्यापलीकडचे पाणी डोळ्यांच्या रेषेखाली जाते. जहाजाच्या डोलकाठीवर, ३० मीटर उंचीवर पहारेकरी बसवला तर क्षितिज २० किलोमीटरपर्यंत सरकते. विमान ३०० मीटरवर नेले तर ते ६० किलोमीटरच्या पलीकडे जाते.

सागरी गस्तीच्या विमानांमागचे गणित एवढेच. समुद्रावरच्या लढाईत शत्रू कुठे आहे हे आधी ज्याला कळते तो अर्धी लढाई जिंकतो, आणि नौदलांनी त्यासाठी शतकानुशतके डोलकाठ्या उंच करण्यापलीकडे फारसे काही केले नव्हते. विमान आल्यावर प्रश्न एवढाच उरला की ते समुद्रात न्यायचे कसे. किनाऱ्यावरून उडवले तर इंधन संपण्याआधी परत यायला हवे. जहाजावरून उडवले तर उतरवायचे कुठे? या प्रश्नाची पहिली ब्रिटिश उत्तरे ज्यांच्या हातून मिळाली त्यांत सॅमसन यांचे नाव सर्वात वर येते.

बोटीवरचा अधिकारी हवेत कसा गेला?

सॅमसन यांचा जन्म ८ जुलै १८८३चा, मँचेस्टरमधल्या क्रम्पसॉल भागातला. वडील वकील. मुलगा १८९६ मध्ये, तेराव्या वर्षी, नौदलाच्या ‘ब्रिटानिया’ या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला. पुढची नोकरी बरीचशी आपल्याच बाजूच्या समुद्रात झाली. १९०२ ते १९०४ या काळात ते ‘पोमोन’ या युद्धनौकेवर पर्शियन आखात आणि सोमालीलँडच्या परिसरात होते. १९०९-१०मध्ये ‘फिलोमेल’वरून ते पुन्हा आखातात आले. या वेळी काम होते शस्त्रांची तस्करी रोखण्याचे. असंख्य गलबतांमधून नेमके संशयित गलबत हेरायचे, तेही डेकवर उभे राहून. उंचावरून पाहता आले तर काय फरक पडेल हे अशा गस्तीवर गेलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

१९११च्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाने चार अधिकाऱ्यांना विमान शिकवायचे ठरवले. विमाने नौदलाची नव्हतीच. फ्रान्सिस मॅक्लीन या हौशी धनिकाने स्वतःची विमाने वापरायला दिली आणि जॉर्ज कॉकबर्न यांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. दोनशेच्या आसपास अर्ज आले, त्यांतून निवडलेल्या चौघांत सॅमसन होते. मार्चमध्ये ईस्टचर्च येथे शिक्षण सुरू झाले आणि एप्रिलअखेर त्यांच्या हाती वैमानिकाचा परवाना होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ईस्टचर्चच्या नौदल विमानतळाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. सहा महिन्यांपूर्वीचा विद्यार्थी तळाचा प्रमुख झाला, कारण त्याच्यापेक्षा अनुभवी माणूस नौदलात जवळपास नव्हताच.

१० जानेवारी १९१२ रोजी शीअरनेसजवळ नांगरलेल्या ‘आफ्रिका’ या युद्धनौकेवरून सॅमसन यांनी विमान उडवले. जहाजाच्या पुढच्या भागावर, तोफांच्या वरून, लाकडी फळ्यांची उतरती धावपट्टी बांधली होती. अमेरिकेत यूजीन इली यांनी नोव्हेंबर १९१०मध्येच हे केले होते, त्यामुळे हा मान जगात पहिला नाही, ब्रिटनमध्ये पहिला. पण त्याच वर्षी मे महिन्यात वेमथच्या उपसागरात सॅमसन यांनी ‘हायबर्निया’ या चालत्या जहाजावरून उड्डाण केले, आणि ते मात्र जगात पहिल्यांदा घडत होते. जहाजाचा वेग होता साधारण १० नॉट. चालत्या जहाजाचा वारा पंखांना आयताच मिळतो, त्यामुळे कमी अंतरात विमान उचलते. आजच्या विमानवाहू नौकाही उड्डाणाच्या वेळी तोंड वाऱ्याकडे करून वेग वाढवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

अडचण वेगळीच निघाली. फळ्यांची धावपट्टी बांधली की खालच्या तोफा निकामी होतात. एका विमानासाठी युद्धनौकेची तोंडे बंद करायला कोणताही कप्तान तयार नव्हता. नौदलाने मग दुसरी वाट धरली. विमानाला चाकांऐवजी लाकडी पेट्या लावायच्या आणि ते सरळ पाण्यात सोडायचे.

ही विमाने काम कशी करत?

सीप्लेन हा शब्द रूढ केल्याचे श्रेय विन्स्टन चर्चिल यांना दिले जाते. ते तेव्हा नौदलाचे मंत्री होते. या विमानांत सर्वात गाजले ते शॉर्ट बंधूंच्या कारखान्याचे ‘शॉर्ट १८४’. नौदलाने त्याच्या पहिल्या नमुन्याला दिलेल्या क्रमांकावरून हे नाव पडले. नऊशेहून अधिक विमाने बनली. पंखांचा पसारा ६३ फूट, पण जहाजावर ठेवताना ते मागे दुमडता येत. माणसे दोन, एक वैमानिक आणि एक निरीक्षक. ताशी वेग १४० किलोमीटरच्या आसपास, हवेत राहण्याची मुदत पावणेतीन तास. पोटाखाली एक पाणतीर किंवा सुमारे अडीचशे किलोचे बॉम्ब.

उड्डाणाची तऱ्हा अशी : जहाज थांबायचे, यारीने विमान उचलून अलगद पाण्यात सोडायचे, आणि लाटांवर धावत ते वर उठायचे. परत आल्यावर पुन्हा जहाज थांबवून त्याला वर ओढायचे. शत्रूच्या पाणबुडीला याहून सोयीचे काही नाही, हे वेगळे सांगायला नको.

समुद्राची मर्जी राखणे हे आणखी एक. लाटा जास्त असतील तर पेट्या फुटत, प्रोपेलरवर पाणी येई. आणि समुद्र अगदीच तेलासारखा शांत असेल तर पेट्या पाण्याला चिकटून राहत आणि विमान सुटतच नसे. थोडासा वारा, थोडीशी लाट हवी. त्यात उष्ण हवेत इंजिनाची ताकद कमी पडे, म्हणजे आपल्याकडच्या समुद्रावर ओझे कमी करूनच निघावे लागे. पावसाळ्यात खारदांड्याच्या होड्या जशा वर ओढून ठेवल्या जात, तशी ही विमाने जून ते ऑगस्टच्या अरबी समुद्रात निरुपयोगीच ठरली असती. बंदरात शिरताना सगळ्या जगाच्या नौका पावसाळ्यात धास्तावत असत, आणि ही विमाने तर कापड आणि लाकडाची होती.

युद्ध सुरू झाले तेव्हा सॅमसन कुठे होते?

जमिनीवर. ऑगस्ट १९१४मध्ये ते ईस्टचर्चचे विमानपथक घेऊन बेल्जियम-फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेले. विमाने थोडी, करण्यासारखे बरेच. मग त्यांनी डंकर्कच्या जहाज कारखान्यातून बॉयलरचे पत्रे मिळवले, ते मोटारींना ठोकून घेतले, वर मशीनगन बसवल्या आणि जर्मन घोडदळाच्या मागावर निघाले. ब्रिटिशांच्या चिलखती मोटारींची सुरुवात अशी नौदलाच्या एका वैमानिकाने केली. टोकदार दाढी, बुटका बांधा आणि आज्ञेची फार वाट न पाहण्याचा स्वभाव. वृत्तपत्रांना हा माणूस आवडला नसता तरच नवल. ८ ऑक्टोबर रोजी त्यांच्याच पथकातील रेगी मॅरिक्स यांनी अँटवर्पहून उडून ड्युसेलडॉर्फच्या शेडमधले झेपेलिन बॉम्बने जाळले.

मार्च १९१५मध्ये त्यांना गॅलिपोलीला हलवण्यात आले. टेनेडॉस बेटावरून तोफांच्या माऱ्याला दिशा देणे, छायाचित्रे काढणे ही कामे. २५ एप्रिलला सैन्य किनाऱ्यावर उतरले तेव्हा सॅमसन वर होते. एका किनाऱ्यालगत सुमारे ५० यार्डांपर्यंत पाणी रक्ताने लाल झाल्याचे त्यांनी वरून पाहिले आणि पुढे आठवणींत नोंदवले. उंचावरून सगळे दिसते, करता काहीच येत नाही, हाही या कामाचा एक भाग होता. त्यांच्या पथकातील रिचर्ड बेल डेव्हिस यांना नोव्हेंबरमध्ये, शत्रूच्या हद्दीत पडलेल्या सहकाऱ्याला एकाच जागेच्या विमानात कोंबून परत आणल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

‘बेन-माय-क्री’वर काय घडले?

मे १९१६मध्ये सॅमसन यांच्या हाती ‘बेन-माय-क्री’ आली. मूळची ती आइल ऑफ मॅनची प्रवासी बोट, १९०८ची, २४ नॉटहून अधिक वेगाची. त्या बेटाच्या भाषेत या नावाचा अर्थ माझ्या मनातली मुलगी असा होतो. मागच्या बाजूला पत्र्याची मोठी शेड बांधून तिला सीप्लेनवाहू नौका केले होते. ऑगस्ट १९१५मध्ये याच बोटीवरून उडालेल्या चार्ल्स एडमंड्स यांनी विमानातून पाणतीर सोडून जहाजावर मारा करण्याचा जगातील पहिला प्रयोग यशस्वी केला होता.

सॅमसन आले तेव्हा बोट पोर्ट सैदला होती. ‘अ‍ॅन’ आणि ‘रेव्हन-२’ या आणखी दोन नौका मिळून तयार झालेल्या पथकाचे नाव होते ईस्ट इंडीज अँड इजिप्त सीप्लेन स्क्वॉड्रन. नावातल्या ईस्ट इंडीजकडे लक्ष द्यायला हवे. सुवेझपासून अरबी समुद्र, मुंबई, कोलंबो आणि बंगालचा उपसागर हे सगळे पाणी एकाच नौदल अधिकाऱ्याच्या, अ‍ॅडमिरल वेमिस यांच्या, अखत्यारीत होते. एवढ्या पाण्यावर नजर ठेवायला विमाने मोजकीच, आणि ती जवळजवळ सगळी भूमध्य समुद्राच्या कोपऱ्यात.

सहा-सात महिने सॅमसन यांनी ही बोट पळवली म्हणावे इतकी फिरवली. जूनमध्ये एडनजवळ लहेजच्या बाजूला तुर्की छावण्यांवर बॉम्ब टाकले. तिथून लाल समुद्रात जेद्दापर्यंत जाऊन अरब बंडाला मदत केली. ऑगस्टमध्ये तीन नौकांवरची दहा विमाने एकत्र करून पॅलेस्टाईनमधल्या अल-अफुला या रेल्वे जंक्शनवर हल्ला केला. डिसेंबरमध्ये अडाणाजवळ चिकालदिरचा रेल्वे पूल. कप्तान असूनही ते स्वतः उडत. बोट मागे दुसऱ्याच्या हवाली करून कप्तानाने शत्रूच्या तोफांवर घिरट्या घालाव्यात हे नौदलाच्या शिस्तीत बसणारे नव्हते, पण त्यांना ते सोडवत नसे.

या बोटीवरच्या निरीक्षकांत विल्यम वेजवुड बेन नावाचे एक खासदार होते. युद्धावर आलेले, वयाने चाळिशीकडे झुकलेले. हेच बेन पुढे १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री झाले. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात खारदांड्यापासून काही किलोमीटरवर विलेपार्ल्याची छावणी उभी राहिली, ती मोडायला पोलीस आले, तेव्हा लंडनमध्ये भारताचा कारभार यांच्याकडे होता.

११ जानेवारी १९१७. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी खेटून असलेल्या कास्तेलोरिझो या बेटाच्या बंदरात ‘बेन-माय-क्री’ नांगरली. बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते, पण समोरच्या मुख्य भूमीवर तुर्कांनी तोफा आणून ठेवल्या होत्या. त्या दिसल्या नव्हत्या. ज्या बोटीचे कामच दूरचे पाहणे, ती समोरच्या डोंगरावरच्या तोफांना बळी पडली. गोळे शेडवर आदळले, पेट्रोल पेटले, सुकाणूचे काम थांबले. पाऊण तासाच्या आत बोट सोडावी लागली. बोटीवर अडीचशेच्या आसपास माणसे होती. काही जखमी झाली, मेले कोणी नाही. बोट उथळ पाण्यात जळून बसली. कोर्ट मार्शल झाले, सॅमसन निर्दोष ठरले.

मग ‘वोल्फ’चा शोध कसा सुरू झाला?

‘वोल्फ’ ३० नोव्हेंबर १९१६ रोजी जर्मनीतील कील बंदरातून निघाले होते. कप्तान कार्ल नेर्गर. पोटात साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग, बाजूच्या पत्र्यांमागे लपवलेल्या तोफा, उंची कमी-जास्त करता येणारे धुरांडे. दुरून पाहिले तर साधी मालवाहू बोट. आणि डेकवर एक सीप्लेन, ‘व्योल्फशन’, म्हणजे लांडग्याचे पिल्लू. आधी दक्षिण आफ्रिका, मग कोलंबो, मग मुंबई अशी सुरुंगांची पेरणी करत ते फेब्रुवारीत इथे पोहोचले.

२७ फेब्रुवारीला मिनिकॉयच्या बाजूला त्याने ‘टरिटेला’ हे ब्रिटिश जहाज पकडले, त्याचे नाव ‘इल्टिस’ ठेवून त्यावर काही सुरुंग चढवले आणि एडनकडे पाठवले. मार्चच्या सुरुवातीला ब्रिटिशांच्या ‘ओडिन’ने ‘इल्टिस’ला गाठले. जर्मनांनी जहाज स्वतःच बुडवले, माणसे पकडली गेली. हिंदी महासागरात एक मोठे शिकारी जहाज फिरते आहे हे तेव्हा ब्रिटिशांना पक्के समजले. १९१४मध्ये एकट्या ‘एम्डन’ने मद्रासवर गोळे टाकून आणि बंगालच्या उपसागरात जहाजे बुडवून काय हाहाकार उडवला होता हे विसरायला अडीच वर्षे पुरेशी नव्हती.

१० मार्चला सॅमसन ‘रेव्हन-२’ घेऊन निघाले. सोबत ‘पोथुआ’ ही फ्रेंच युद्धनौका. यात एक गंमत आहे. ‘वोल्फ’ हे मूळचे ‘वाख्टफेल्स’, ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचे मालवाहू जहाज. ‘टरिटेला’ हे मूळचे ‘गुटेनफेल्स’, त्याच कंपनीचे, ब्रिटिशांनी १९१४मध्ये ताब्यात घेतलेले. आणि ‘रेव्हन-२’? तेही मूळचे ‘राबेनफेल्स’, हान्साचेच. युद्धापूर्वी ही कंपनी भारताशी व्यापार करत असे. म्हणजे शिकार, सावज आणि पाठलाग करणारा, तिघेही एकाच मालकाच्या बोटींवर होते.

पाठलागाला वेग मात्र नव्हता. ‘रेव्हन-२’ जेमतेम १० नॉटने चाले. लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटे पालथी घालायची, कारण शिकारी जहाजाला कोळसा भरायला आडोशाचे शांत पाणी लागते आणि ते अशा बेटांच्या आत मिळते. तर्क चांगला होता. विमान सोडायचे, प्रवाळ बेटाच्या कड्यावरून फेरी मारायची, आत कोणी दडले आहे का पाहायचे, परत यायचे. बोटीने हेच करायचे तर खडकांतून वाट काढत एकेका बेटाला दिवस लागला असता. विमानाला काही मिनिटे लागत.

मालदीवमध्ये एक विमान परत आलेच नाही. एकसारखी दिसणारी शेकडो बेटे, सगळीकडे तोच निळा-हिरवा रंग, वाट चुकायला आणखी काय हवे? त्यातले दोघे अधिकारी काही दिवसांनी तिथल्या लोकांच्या मदतीने सुखरूप परतले.

‘वोल्फ’ सापडले नाही. सापडणार नव्हतेच. मार्च संपेपर्यंत ते महासागर ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या दिशेने गेले होते. हिंदी महासागराचे क्षेत्रफळ सुमारे ७ कोटी चौरस किलोमीटर. त्यात पावणेतीन तास उडणारी मोजकी विमाने. शिवाय एखाद्या वैमानिकाला ‘वोल्फ’ दिसले असते तरी त्याला दिसली असती एक मालवाहू बोट. दिसणे आणि ओळखणे यांतले हे अंतर आजही पुरते मिटलेले नाही. नोव्हेंबर २००८मध्ये अपहृत ‘कुबेर’ बोटीतून मुंबईवर हल्लेखोर आले, तीही हजारो मासेमारी नौकांसारखीच एक नौका होती.

उलट बाजूला ‘व्योल्फशन’ने नेर्गर यांना भरपूर कामाला लावले. जूनमध्ये पॅसिफिकमध्ये त्याने ‘वैरुना’ या जहाजाच्या डेकवर संदेश टाकून त्याला शरण यायला लावले. तंत्र दोघांचे सारखेच. फरक एवढाच की व्यापारी जहाजे ठरलेल्या वाटांनी जातात, त्यामुळे शिकाऱ्याला कुठे पाहायचे ते ठाऊक होते. सॅमसन यांना नव्हते.

आणि मुंबईचे सुरुंग तसेच होते. ११ जून १९१७ रोजी ‘सिटी ऑफ एक्झेटर’ त्यावर आदळून जबर जखमी झाले, पण बंदरात पोहोचले. २३ जूनला ‘मंगोलिया’ हे पी अँड ओ कंपनीचे प्रवासी जहाज मुंबईपासून सुमारे ५० सागरी मैलांवर ऐन पावसाळ्यात बुडाले. वीसहून अधिक माणसे गेली. पेरणी फेब्रुवारीत झाली होती. खोलवर जाणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी पाण्याखाली काही मीटरवर बांधून ठेवलेले हे सुरुंग, कोळ्यांच्या उथळ होड्या सहसा त्यांच्यावरून निघून जात. फेब्रुवारीत मुंबईच्या किनाऱ्यावर सीप्लेनचे एखादे पथक असते तर? जहाज अंधारात येऊन गेले, हे ध्यानात घेतले तर तेव्हाही खात्री देता येत नाही. पण पथक नव्हते, हे खरे. ईस्ट इंडीजच्या नावाची विमाने ईस्ट इंडीजमध्ये आली ती सुरुंग पडून गेल्यावर.

‘वोल्फ’ २४ फेब्रुवारी १९१८ रोजी, कोणत्याही बंदराला न लागता ४५१ दिवस समुद्रात काढून, कीलला परतले.

उत्तर समुद्रात चित्र वेगळे का होते?

नोव्हेंबर १९१७मध्ये सॅमसन इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रेट यार्मथचे प्रमुख झाले. पाणबुड्या आणि झेपेलिन या दोन्हींवर गस्त ही इथली जबाबदारी. इथे समुद्र लहान होता आणि विमाने मोठी. पेट्यांवर तरंगणाऱ्या सीप्लेनच्या जोडीला फ्लाइंग बोट आल्या होत्या, ज्यांचे धडच नावेसारखे असते. त्या सहा-सहा तास उडत.

शेजारच्या फेलिक्सस्टो तळाने एप्रिल १९१७मध्ये शोधाची एक पद्धत बसवली होती. समुद्रातल्या एका दीपनौकेला मध्यबिंदू धरून ३० मैलांच्या आठ रेषा काढायच्या, त्यांना आडव्या रेषांनी जोडायचे, आणि या आकृतीवरून विमाने फिरवायची. सुमारे ४,००० चौरस मैल पाणी त्यात येई. पाणबुडीला हा टापू पाण्यावरून ओलांडायला दहा तास लागत, विमान त्याचा चौथा हिस्सा पाच तासांच्या आत पाहून येई. आकृती दिसायला कोळ्याच्या जाळ्यासारखी, म्हणून तिला तेच नाव पडले. मराठीत हे नाव दुहेरी अर्थाने शोभते. डोल लावणाऱ्या कोळ्यालाही पूर्ण समुद्र गाळायचा नसतो. ओहोटी-भरतीचा ओढ कुठून जातो हे ओळखून जाळ्याचे तोंड तिथे धरायचे असते. हिंदी महासागरात सॅमसन यांच्याकडे विमाने होती, पण जाळे धरायला जागा नव्हती.

तरीही इंजिने बंद पडत आणि फ्लाइंग बोटी भर समुद्रात उतरत. १९१८च्या उन्हाळ्यात त्यांना भडक पट्टे रंगवण्यात आले, म्हणजे पाण्यावर तरंगत असताना दुरून ओळखू याव्यात.

झेपेलिनचा प्रश्न उंचीचा होता. जड फ्लाइंग बोट तिथवर चढत नसे, आणि चपळ लढाऊ विमानाला एवढ्या दूर जाऊन परतण्याइतके इंधन नसे. यावर एक खटाटोप सुचला. विनाशिकेच्या मागे एक सपाट बार्ज बांधायची, तिच्यावर ‘सॉपविथ कॅमल’ विमान ठेवायचे, आणि विनाशिका भरधाव नेऊन ते उडवायचे. ‘हायबर्निया’चीच युक्ती, पण तिप्पट वेगाने आणि तोफा न झाकता. ३० मे १९१८ रोजी पहिली चाचणी करायला सॅमसन स्वतःच बसले. वय ३४, हाताखाली तरुण वैमानिकांची फौज. विमान धड उठले नाही, पुढे पाण्यात कोसळले आणि मागून येणारी बार्ज त्याच्यावरून गेली. पाण्याखाली सांगाड्यातून स्वतःला सोडवून ते वर आले. मग चाकांऐवजी लावलेल्या घसरपट्ट्या काढून साधी चाके बसवण्यात आली आणि जुलैअखेर स्टुअर्ट कली यांचे उड्डाण यशस्वी झाले. ११ ऑगस्टला याच पद्धतीने उडालेल्या कली यांनी ‘एल-५३’ हे झेपेलिन पाडले. त्याआधी ५ ऑगस्टच्या रात्री यार्मथहून गेलेल्या एगबर्ट कॅडबरी आणि रॉबर्ट लेकी यांनी ‘एल-७०’ पाडले होते, त्यात जर्मन झेपेलिन दलाचे प्रमुख पीटर श्ट्रासर मारले गेले. कॅडबरी हे चॉकलेटवाल्या घराण्यातले.

युद्धानंतर सॅमसन यांचे काय झाले?

१ एप्रिल १९१८ रोजी नौदल आणि लष्कराची विमाने एकत्र करून रॉयल एअर फोर्स स्थापन झाले होते. १९१९मध्ये सॅमसन यांनी नौदलाचा हुद्दा सोडला आणि ते हवाई दलात राहिले. नंतर माल्टा, मग इंग्लंडमधल्या लढाऊ विमानांच्या तुकडीचे प्रमुखपद, १९२२मध्ये एअर कमोडोर ही बढती. नौदलाच्या विमानांची पहिली दशकभराची वाट ज्यांनी चालवली तेच नौदलाबाहेर गेले, आणि समुद्रावरच्या विमानांकडे पुढची काही वर्षे कोणाचेच पुरते लक्ष राहिले नाही. सॅमसन एकटे त्याला जबाबदार नव्हते, पण त्यांच्यासारखे गेलेले बरेच होते.

१९२७मध्ये त्यांनी चार फेअरी विमानांचा ताफा कैरोहून केपटाउनला नेला. त्याच वर्षाअखेर हवाई दलाच्या चार ‘साउथॅम्प्टन’ फ्लाइंग बोटी इंग्लंडहून भारताच्या किनाऱ्याने सिंगापूरकडे गेल्या. सॅमसन यांना दहा वर्षांपूर्वी ज्या पाण्यात वाट सापडत नव्हती, तिथून चार विमाने रांगेत निघून गेली. पुढच्या वर्षी, १९२८मध्ये, खारदांड्याच्या उत्तरेला जुहूचा विमानतळ सुरू झाला.

प्रकृतीच्या कारणाने सॅमसन यांनी १९२९मध्ये नोकरी सोडली. दुसऱ्या पत्नीसह ते विल्टशायरमधल्या चोल्डर्टन येथे राहत. १९३०मध्ये त्यांच्या युद्धातल्या आठवणींचे ‘फाइट्स अँड फ्लाइट्स’ हे पुस्तक आले. केपच्या प्रवासावरचे दुसरे १९३१मध्ये. त्याच वर्षी ५ फेब्रुवारी रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ४७. लंडनमधल्या पटनी व्हेल स्मशानभूमीत त्यांना दफन करण्यात आले.